भाताजवळ कोण थांबणार?

माघ पौर्णिमा जवळ आली की आमच्या वयाच्या माणसांचे एकमेकांना फोन सुरू होतात. कचारगडला कोणत्या दिवशी जायचे, मुले कधी येणार, गोंदियाच्या खोलीवर किती जण उतरणार, ही नेहमीची बोलणी. यंदा त्यांत एक नवा विषय शिरला. खोलीवर विजेचा कुकर कोणता घ्यावा? लहान की मोठा, काचेच्या झाकणाचा की स्टीलच्या, नुसत्या भाताचा की डाळही शिजवणारा? साठीच्या आसपासची माणसे एका भांड्यावर अर्धा-अर्धा तास बोलली आणि तो वेळ वाया गेला असे मला मुळीच वाटत नाही. गोंदिया हा धानाचा जिल्हा. इथे दोन्ही वेळा भात शिजतो आणि भात कसा शिजला यावरून घर ओळखले जाते.

या खोल्यांचीही एक गोष्ट आहे. आमच्या पिढीची गावातली घरे वाटण्यांत गेली, काही पावसाने पडली, काहींना कुलूप लागले. मुले पुण्यात, नागपुरात, हैदराबादेत. दिवाळीला, लग्नकार्याला आणि कचारगडच्या यात्रेला येऊन टेकायला जागा हवी म्हणून कित्येकांनी गोंदियात किंवा आमगावात एक खोली आणि स्वयंपाकघर असा लहानसा फ्लॅट घेऊन ठेवला आहे. सणावाराला तो उघडतो आणि एरवी बंद असतो. स्वयंपाकघर म्हणजे एक माणूस उभा राहील एवढी जागा, दोन हात ओटा, एक सिंक आणि भिंतीत दोन सॉकेट. अशा घरासाठी गॅसची जोडणी घ्यावी आणि भरलेले सिलिंडर महिनोन्महिने बंद खोलीत ठेवावे, हे कोणालाच पटत नाही. म्हणून विजेचा कुकर.

आमच्या लहानपणी यात्रेला जाताना भांडे निवडायचा प्रश्नच नव्हता. घरात जो मोठा गंज असेल तो निघायचा. त्यात तांदळाची पिशवी, तांदळावर डाळीची पुरचुंडी, मीठ-हळद-तिखटाच्या पुड्या, चार कांदे, आणि सगळ्यांवर उलथी ठेवलेली परात. वरून जुन्या लुगड्याची गाठ. गोंदियाहून पॅसेंजर निघायची. गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा अशी स्टेशने मागे पडायची आणि दरेकसाला अख्खा डबा खाली उतरायचा. कोणाच्या डोक्यावर गंज, कोणाच्या खांद्यावर सरपणाची मोळी. तिथून धनेगावच्या वाटेने पायी. ही यात्रा गोंड समाजाची. कली कंकालीची मुले कचारगडच्या गुहेत कोंडली गेली होती आणि पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडवले, अशी या समाजाची श्रद्धा. ऐंशीच्या दशकात यात्रेला आजचे रूप येऊ लागले आणि मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशापर्यंतची माणसे माघ पौर्णिमेला येऊ लागली. आमच्या वस्तीत गोंडांच्या शेजारी पोवार, कुणबी, कलार अशी घरे होती. शेजारी निघाले की शेजारचेही निघत.

आता सालेकसापर्यंत गाडी घरून निघते आणि दिवसाउजेडी परत येते. ज्यांना रेल्वेच हवी त्यांना मेमू आहे. यात्रेच्या दिवसांत जेवणाची सोय ठिकठिकाणी असते, पिण्याच्या पाण्याचे टँकर असतात, डोंगराकडे जाणारी वाट पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. गंज घेऊन कोणी निघाला तर मुले विचारतील, कशाला? आणि त्यांचा प्रश्न बरोबर आहे. भात मागे खोलीवर शिजेल. बटण दाबायचे, दार ओढून घ्यायचे, गडावर जायचे. संध्याकाळी परत आले की झाकण उघडायचे.

आमच्या लहानपणी गडाखाली पोचल्यावर पहिले काम चुलीसाठी दगड शोधण्याचे असायचे. नाल्याच्या काठाने तीन सारख्या उंचीचे दगड. आधीच्या कोणाचे काळे झालेले दगड सापडले तर फारच चांगले, कारण ते भार सोसणारे आहेत हे तपासून झालेले असायचे. नाल्यातला ओला दगड घ्यायचा नाही, तापला की तडकतो, हे पोरासोरांनाही ठाऊक होते. गंजाला बाहेरून चिखलाचा लेप द्यायचा, म्हणजे काजळी लेपावर बसते आणि घासताना हात दुखत नाहीत. मग वाळक्या काड्या, त्यांवर बोटाएवढ्या फाट्या, त्यांवर मनगटाएवढी लाकडे. फुंकणी विसरली असेल तर तोंडाने फुंकायचे. आधण आले की तांदूळ वैरायचा. एक शीत बोटांत दाबून बघायचे, भात वेळायचा, आणि पेज एका बाजूच्या भांड्यात धरायची. ती पेज मीठ घालून पोरांना मिळायची. डोंगर चढून आलेल्या पोराला गरम पेजेची वाटी मिळाली की त्याला दुसरे काही लागत नसे.

आता पेजच निघत नाही. विजेच्या कुकरमध्ये जेवढे पाणी घालावे तेवढे भातातच मुरते. ज्यांना पेज हवी त्यांच्यासाठी बाजारात पाणी निथळणाऱ्या जाळीचे कुकर आले आहेत, पण ते खोलीवर घ्यावेत असे मला वाटत नाही. एक भांडे जास्त धुवावे लागते आणि लहान ओट्यावर ते ठेवायला जागा नसते. हा एक तोटा मान्य करून पुढे जावे.

कुकरची करामत मात्र मान द्यावी अशी आहे. भांड्याच्या बुडाशी मध्यभागी एक चकती असते, तिच्यात चुंबक. पाणी आहे तोवर बुडाचे तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही. तांदळाने पाणी पिऊन टाकले की बूड एकदम तापू लागते. १०० च्या थोडे वर गेले की त्या चकतीतल्या धातूची चुंबकाला धरून ठेवण्याची ताकद संपते, स्प्रिंग सुटते आणि खटका पडतो. शीत दाबून बघणारे बोट जे काम करीत होते, ते काम आता धातू करतो. जपानमध्ये तोशिबा कंपनीने विजेचा स्वयंचलित भाताचा कुकर पहिल्यांदा बाजारात आणला तो १९५५ च्या डिसेंबरात. त्याची रचना वेगळी होती, दुहेरी भांड्याची. योशितादा मिनामी नावाच्या छोट्या कारखानदाराने तो तयार केला आणि भात शिजवून बघण्याचे कष्टाचे प्रयोग त्यांच्या पत्नी फुमिको यांनी केले. किती पाणी, किती वेळ, बाहेर थंडी असताना किती, ऊन असताना किती, हे सगळे त्या टिपून ठेवीत. जगातल्या बायकांना भाताजवळ थांबावे लागू नये म्हणून एक बाई इतका काळ भाताजवळ थांबली, ही गोष्ट मला कुकरच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा मोठी वाटते.

आपल्याकडेही हा विचार जुनाच आहे. कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर काढला. एकावर एक डबे, खाली निखाऱ्याची शेगडी, बाहेरून नळकांडे. सकाळी लावून माणूस कामावर जायचा आणि परत येईतो वरण, भात, भाजी तयार. एकट्या राहणाऱ्या नोकरदारांच्या कितीतरी पिढ्यांना त्याने जेवू घातले. आमच्या वडीलमंडळींनी तो पाहिला होता. आम्ही फक्त त्याचे नाव ऐकत वाढलो.

आमच्या वाट्याला आला तो स्टो. शिकायला किंवा नोकरीला गोंदिया-भंडारा-नागपुरात खोली केली की पहिली खरेदी स्टोची. पंपाचा घेतला तर भर्रकन पेटायचा पण आवाजाने शेजारी जागे व्हायचे. वातीचा घेतला तर शांत जळायचा पण भांडी काळी करायचा. पंपाच्या स्टोला पिन मारणे ही एक कला होती. मातीचे तेल रेशनवर, त्यासाठी रांग, रांगेत डबा, डब्यावर ओळखीसाठी बांधलेली चिंधी. भाताला कधी तेलाचा वास लागायचा आणि आम्ही तसाच खायचो. या सगळ्याची आम्ही पुढे मौजेने वर्णने केली. पण स्टोच्या भडक्याने भाजलेल्या बायकांच्या बातम्याही त्याच काळातल्या. जिल्हा रुग्णालयांतल्या जळितांच्या खाटा आमच्या पिढीने पाहिल्या आहेत. त्यांतले सगळेच भडके स्टोने केलेले नव्हते, हेही आम्हाला कळत होते. त्या काळाची आठवण काढताना ही बाजू झाकून ठेवणे खोटे होईल.

आजच्या स्वयंपाकघरात ज्योतच नाही. लहान कुकर साधारण ४०० वॅट घेतो, मध्यम आकाराचा ७०० च्या आसपास. अर्ध्या तासात भात होतो आणि वीज अर्ध्या युनिटापेक्षा कमीच लागते. नातवंडाचा हात चुकून लागला तर चटका बसेल, पण घर पेटणार नाही. सत्तरीच्या आजीला एकटीला खोलीवर ठेवून सगळे बाजारात जाऊ शकतात. ज्यांनी स्टोचा काळ काढला त्यांना ही निश्चिंती किती मोठी आहे ते समजेल.

भांडे विकत घेणे हाही तेव्हा एक सोहळा असायचा. भांड्यांच्या दुकानात घरातली दोन तरी मोठी माणसे जायची. दुकानदार गंजामागून गंज काढून समोर मांडायचा. बोटाने टिचकी मारून नाद ऐकायचा, बूड हाताने चाचपायचे, काठ उजेडात धरून बघायचा. मग तराजू. पितळ किलोवर मिळायचे आणि जुने मोडीत घातले की त्याचे वजन वजा व्हायचे. सगळे ठरले की शेवटी नाव घालायचे. दुकानातला माणूस छोट्या छिन्नीने टकटक करीत अक्षरे कोरायचा. कोणाचे भांडे, कोणी कोणाला दिले, कोणत्या लग्नात, कोणत्या साली. आमच्या घरचा एक गंज आत्याच्या लग्नातला आणि एक आजोबांच्या चौदावीला आलेला, हे आम्ही अक्षरओळख झाल्यावर त्या भांड्यांवरच वाचले. पुढे वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा, खड्डा खणून भाता लावायचा, नवसागराचा धूर व्हायचा आणि काळेकुट्ट भांडे आतून चांदीसारखे निघायचे. हेही लगेच सांगायला हवे की कल्हई उडालेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकायचा, माणसे आजारी पडायची, आणि कल्हईला पैसे नसलेल्या घरात तसेच चालवून घ्यायचे.

आता कुकर मोबाइलवर निवडतात. कोणाला किती तारे मिळाले ते बघायचे, लोकांनी काय लिहिले ते वाचायचे, दोन दिवसांत खोके दारात. नाद ऐकायची सोय नाही, वजन करायची गरज नाही आणि नाव घालायला जागा नाही. नावाच्या जागी वॉरंटीचे कार्ड. कुकर बिघडला की बहुतेक वेळा दुरुस्तीपेक्षा नवा स्वस्त पडतो. आत्याच्या लग्नातला गंज आजही माळ्यावर आहे. हा कुकर कोणाच्या नावाने ओळखला जाणार नाही, पण तो आला म्हणून माळ्यावर चढावे लागत नाही हेही खरे.

तरी निवडताना काही गोष्टी नीट बघाव्यात असे मी आग्रहाने सांगेन, कारण लोक यांतच फसतात. खोक्यावरचा लिटरचा आकडा बघून घेऊ नये. तो आकडा नेमका कशाचा, हे सगळीकडे सारखे नसते. कच्चा तांदूळ किती ग्रॅम शिजतो ते लिहिलेले असते, ते वाचावे. आपल्याकडच्या भात खाणाऱ्या चार-पाच माणसांना एका वेळी अर्धा किलो तांदूळ लागतो. सोबत येणारा मापाचा पेला बहुधा १८० मिलिलिटरचा असतो, आपल्या घरच्या वाटीशी त्याचा संबंध नाही. भांड्यातल्या पाण्याच्या रेघा त्या पेल्याच्या हिशेबाने आखलेल्या असतात, म्हणून तो पेला हरवू देऊ नये. वायर कुकरपासून सुटी होणारी असावी, म्हणजे बंद खोलीत ठेवताना गुंडाळून आत टाकता येते. आतले भांडे बाजारात वेगळे मिळते का ते विचारून घ्यावे, कारण आधी तेच खराब होते. वर वाफेची जाळी बसणारी असेल तर त्याच वाफेवर बटाटे, अंडी होतात आणि दुसरी शेगडी लागत नाही. डाळ मात्र साध्या कुकरमध्ये मनासारखी शिजत नाही, फेस वर येऊन ओट्यावर सांडतो. रोजच्या वरणाचा हट्ट असेल तर विजेचा प्रेशर कुकर घ्यावा. तो महाग आहे, जड आहे, त्याचे रबर जपावे लागते, पण भात आणि वरण दोन्ही करतो. बुडाची तापणारी पट्टी आणि भांडे यांच्यात एक शीत जरी अडकले तरी भात एका बाजूने करपतो. तेवढे पुसून घेण्याची सवय हवी.

तांदळाचे ज्ञान मात्र कुकरबरोबर खोक्यात येत नाही. नवा तांदूळ पाणी कमी पितो, जुना जास्त. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून निवडून जो एचएमटी तांदूळ तयार केला, तो आज आमच्या निम्म्या स्वयंपाकघरांत आहे. तो बारीक आणि मोकळा. तो नवा असताना रेघेपर्यंत पाणी घातले तर भाताचा गोळा होतो. आमच्या आया तांदळावर बोट उभे धरून पेरापर्यंत पाणी घेत आणि तांदूळ नवा असेल तर पेर अर्धे सोडत. हे पेर आजही चालते. कुकरच्या भांड्यातही बोट घालून बघावे, रेघ नंतर.

या आठवणींवर माझा स्वतःचा पूर्ण विश्वास नाही, आणि त्याचे कारण माझ्या वहिनी आहेत. कुकरची चर्चा चालू असताना मी तीन दगडांची चूल, पळसाच्या पत्रावळी आणि नाल्याकाठचा भात यांचे वर्णन करत होतो. वहिनी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, तुम्हाले भात आठवते, मले धूर आठवते.’ त्या एवढेच बोलल्या आणि कामाला लागल्या.

तेव्हापासून मी मनाने त्या जागेवर पुन्हा पुन्हा जाऊन बघतो आहे. आम्ही पोरे आणि बापे दगड मांडून दिले की गडाकडे निघायचो. चढण चढायची, गुहेच्या मोठ्या तोंडाशी उभे राहायचे, आतल्या अंधारात दर्शनाला रांगेत सरकायचे, ढोल ऐकायचे, जय सेवा म्हणायचे. खाली नाल्याजवळ बायका. एकीने चूल सोडली तर भात करपणार, म्हणून एक तरी थांबायचीच. माकडे, कुत्री, वारा. माघातला पालापाचोळा इतका वाळलेला असतो की एक ठिणगी उडाली तर रान पेटायचे. त्यावर लक्ष ठेवणेही तिच्याकडेच. आम्ही परत यायचो तेव्हा पत्रावळी मांडलेल्या असायच्या. जेवणे होईतो ऊन उतरायचे आणि परतीच्या गाडीची वेळ झालेली असायची. माझी माय कित्येक वेळा गडाखालून हात जोडून परतली. जी यात्रा जंगो रायताडसारख्या आईची, तिथे आया खालीच राहत होत्या आणि हे कोणाच्या लक्षातही येत नव्हते. आता ज्या गोष्टीच्या आठवणीने आमचे डोळे भरून येतात, ती गोष्ट घडावी म्हणून कोणीतरी गुहा न बघता परतत होते.

आता कोणालाच खाली थांबावे लागत नाही. सुना, मुली, नाती पुढे आणि आम्ही मागे असे चढणीवर दिसते. सूनबाई सकाळी तांदूळ धुऊन कुकरमध्ये घालते, खटका दाबते, पाणी मुरेपर्यंत तयार होते आणि कुलूप लावून सगळ्यांबरोबर निघते. तिला मागे ठेवून कोणी जाणार नाही. कुकरने दिलेली ही सर्वांत मोठी गोष्ट. चवीत किती फरक पडला याचा वाद मी तरी यापुढे घालणार नाही.

मग आपण हळहळतो ते कशासाठी, याचाही शोध घ्यायला हवा. मला वाटते, चुलीजवळ जी थांबलेली असायची ती फक्त भात सांभाळत नव्हती. ती येणारे-जाणारे बघत होती. कोणी ओळखीचे दिसले, कोणी अनोळखी पण थकलेले दिसले, दूरच्या गावचे एखादे जोडपे पोराला कडेवर घेऊन सावली शोधताना दिसले, की ती आधणात एक मूठ तांदूळ जास्त वैरायची. विचारायची नाही, सांगायची नाही. त्या गंजाला रेघा नव्हत्या. तेलुगू बोलणारी माणसे, गोंडी बोलणारी, छत्तीसगडी बोलणारी, यांच्याबरोबर आम्ही एकाच पंक्तीत जेवलो ते तिच्या त्या मुठीमुळे. गुहा बघितली ती आम्ही. यात्रा बघितली ती तिने, असे म्हणायला हरकत नाही. तिला मात्र दोन्ही बघायला मिळायला हवे होते.

खोलीवरच्या कुकरमध्ये खटका दाबल्यावर मूठ वाढवता येत नाही. सकाळी जेवढी माणसे मोजली तेवढ्यांचाच भात. संध्याकाळी दार वाजले आणि गावाकडचे दोघे तिघे आले तर फोन काढून हॉटेलातून मागवायचे. पाहुणा उपाशी जात नाही, जेवण बहुधा आमच्यापेक्षा चांगले येते, आणि तरी येणारा ओशाळतो. आपल्यासाठी वेगळे काही करावे लागले हे त्याला दिसते. पूर्वी त्याला ते दिसत नसे.

उरलेल्या भाताचेही असेच. रात्रीचा भात उरला की त्यात पाणी घालून झाकून ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा, मिरची घेऊन खायचा. छत्तीसगडला लागून असलेल्या आमच्या भागात उन्हाळ्यात शेतावर जाणाऱ्याचा तोच नाश्ता. हंडीत थोडा भात उरलाच पाहिजे असा घरोघरी अलिखित नियम होता. हंडी खरवडून रिकामी करणे अशुभ मानले जायचे. गरीब घरात तो भात उरावा म्हणून बाई अर्धपोटी निजायची, ही त्याच नियमाची दुसरी बाजू. आता कुकर भात तासन्‌तास गरम ठेवतो. वरचा थर सुकतो, बुडाचा पिवळा पडतो, रात्री उरला तर फ्रिजमध्ये जातो आणि खोली बंद करून निघण्याच्या घाईत सकाळी कचऱ्यात. तांदूळ पिकवणाऱ्या जिल्ह्यात भात टाकताना अजून हात थरथरतो. जेवणे झाली की खोलीवर भात गरम ठेवण्याचे बटण बंद करावे, आणि उरलाच तर आजही पाणी घालून ठेवावा. माघाच्या थंडीत तो सकाळी छान लागतो.

मधली काही वर्षे अशीही गेली की दरेकसाच्या जंगलात नक्षलवाद्यांच्या हालचालींमुळे माणसे अंधाराआधी परतायची घाई करीत. चुली लवकर विझायच्या. पुढच्या पिढीने नाल्याकाठची पंगत पाहिलीच नाही, तिच्याकडे हळहळण्यासारखे काही नाही, आणि म्हणूनच ती कुकर इतक्या सहज घेते. तिचा हेवा वाटतो तो याच गोष्टीचा. पण यंदा आमच्या खोलीवरच्या एका नातीने विचारले की तुम्ही लोक गडाखाली जेवायचात म्हणजे नेमके कुठे. मी तिला जागा दाखवणार आहे. चूल मात्र पेटवणार नाही. वाळल्या रानात आणि एवढ्या गर्दीत ती पेटवू नये.

आमच्या खोलीसाठी शेवटी अर्धा किलोपेक्षा थोडा जास्त तांदूळ शिजवणारा, स्टीलच्या आतल्या भांड्याचा, सुट्या वायरचा कुकर ठरला. दोघांच्या रोजच्या भाताला तो मोठा आहे. अगदी लहान घेतला असता तर दोन पैसे वाचले असते आणि ओट्यावर वीतभर जागा राहिली असती. पण बाजारातला सर्वांत लहान कुकर घेणे म्हणजे आपल्याकडे कोणी येणार नाही असे आधीच ठरवून टाकणे, आणि यात्रेच्या गावाजवळच्या घरात ते शोभत नाही. ही निवड वहिनींची. मी फक्त सॉकेट तपासले. साधे ६ अँपिअरचे सॉकेट या कुकरला पुरते, पण त्याच बोर्डावर पाणी तापवायची कांडी एकाच वेळी लावायची नाही.

तुम्हीही सुट्टीच्या घरासाठी कुकर बघत असाल तर घरात जिने वर्षानुवर्षे चूल आणि स्टो सांभाळला, तिला दुकानात सोबत न्या आणि निवड तिच्यावर सोपवा. रोजच्या माणसांपेक्षा दोघांचा भात जास्त होईल असे माप घ्या. आणि यात्रेच्या सकाळी खटका दाबून झाला की कुलूप लावण्याआधी ती तुमच्याबरोबर बाहेर आली आहे ना, ते बघा.